दंड न मोजताच बीपी मोजलं

आईची बीपीची गोळी वाढली ती मशीनच्या आखूड पट्ट्यामुळं. हे मी तेव्हाही सांगत होते.

मुरुममधल्या ज्या दवाखान्यात आम्ही जायचो, तिथं सगळ्यांना एकच पट्टा. आईचा दंड भरलेला. पट्टा कसाबसा वेढा घ्यायचा, फुगताना चर्रकन सुटायचा, मग कंपाउंडर तो हातानं दाबून धरायचा. तेही ब्लाऊजच्या घट्ट बाहीवरून. आकडा 172. ‘पट्टा लहान पडतोय,’ म्हटलं तर म्हणाला, ‘मशीन खोटं सांगायलंय का? तुम्ही डॉक्टर आहात का?’ गोळी वाढली. पुढं एका सकाळी आई मोरीच्या दारात चक्कर येऊन पडली.

मग तिला सोलापुरात दाखवलं. तिथं सिस्टरनं मशीनला हात लावण्याआधी टेप काढला. दंडाचा घेर 41 सेंटीमीटर. मोठ्या पट्ट्यानं वरचा आकडा 116 आला. मी हट्टानं साधा पट्टाही लावायला सांगितला. तोच हात, तीच खुर्ची, आकडा 138! आखूड पट्ट्याला रक्तवाहिनी दाबायला जास्त जोर लागतो, म्हणून आकडा फुगतो, असं सिस्टरनं समजावलं. माझं डोकं तापलं. डॉक्टरांनी गोळी कमी केली. तो कागद घेऊन मी परत मुरुमच्या दवाखान्यात गेले, तर कंपाउंडरनं न बघताच पुढचा पेशंट बोलावला.

1896 साली डॉक्टर रिवा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं हे यंत्र केलं, तेव्हा पट्टा जेमतेम 5 सेंटीमीटर रुंद होता. अरुंद पट्टा आकडा फुगवतो, हे डॉक्टर रेकलिंगहाउझेन यांनी 1901 सालीच दाखवलं. एवढी जुनी गोष्ट सांगितली म्हणून आम्ही शहाणपणा करणारे ठरलो!

तर बायांनो, बाही वर गुंडाळून दंड आवळू नका; हात बाहीतून काढा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजा. पट्ट्यावर 22-32 असं माप छापलेलं असतं, ते जुळवा. आतल्या फुग्यानं दंडाचा 80 टक्के घेर व्यापला पाहिजे. दंड बारीक असेल तर मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो, तेही धोक्याचंच. पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन बोटं वर, खूण आतल्या नाडीवर, आत दोन बोटं सरकतील एवढाच घट्ट. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. मोजताना बोलू नका. मन शांत ठेवा.

गोळी मनानं बंद करू नका. पण दंड न मोजता कुणी ती वाढवत असेल, तर आधी योग्य पट्ट्यानं पुन्हा मोजायला लावा. वाईटपणा आला तरी चालेल.