नगरातील सावलीचा नकाशा

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. त्याच्या मुख्य शहराजवळून वैनगंगा वाहते. अशा ठिकाणी सावलीची वाण कशी पडावी, असा प्रश्न परक्यास सहज पडेल. त्याने नवतपात भर दोन प्रहरी बाजारपेठेतून चालून पाहावे, म्हणजे उत्तर मिळेल. जिल्ह्यात वृक्ष पुष्कळ आहेत; परंतु जेथे हातगाडीवाला दिवसभर उभा राहतो, अथवा विडी वळणारी स्त्री माल पोचविण्यास पायी जाते, तेथे ते असतीलच असे नाही. म्हणून ‘झाडे किती लावली?’ या प्रश्नाच्या आधी ‘सावली कोठे नाही?’ हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर नकाशाच देऊ शकेल, असे आम्हांस वाटते.

नकाशाचे शास्त्र विदर्भास नवे नव्हे. १८०२ साली मद्रासेजवळ त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारे विल्यम लॅम्बटन हे ती उत्तरेकडे नेत असता १८२३ साली हिंगणघाट येथे निवर्तले. त्या काळी मापनाची उपकरणे भूमीवरून वाहून न्यावी लागत. आज उपग्रहही भूमीची पाहणी करतात. त्यांस हिरवळ कशी कळते? जिवंत पान लाल प्रकाश बहुतांशी शोषून घेते आणि डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतविते. या दोहोंची तुलना केली असता हिरवळ व उघडी जमीन यांतील भेद स्पष्ट होतो. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांत १० मीटर लांब व तितकीच रुंद अशी भूमीची एकेक चौकट निराळी ओळखता येते.

तथापि उपग्रहाच्या साक्षीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. भाद्रपदात धानाच्या बांध्या हिरव्यागार असतात आणि पाण्यावरील जलपर्णीही हिरवीच दिसते. त्या चित्रावरून शहरास वृक्षसंपन्न ठरविणे चुकीचे होईल. उलट, पानगळीने उघडा झालेला सागवान उन्हाळ्याच्या चित्रात जणू नाहीसा होतो. यास्तव पावसाळ्यानंतरचे व उन्हाळ्यातील अशी दोन चित्रे शेजारी ठेवावीत आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळा घ्यावा.

हा पडताळा विद्यार्थ्यांस करता येण्याजोगा आहे. प्रत्येक झाडाची जात, छातीइतक्या उंचीवर बुंध्याचा घेर, प्रकृती आणि अक्षांश-रेखांश वहीत टिपावेत. अक्षांश-रेखांश मोबाईलवर मिळतात. पर्णछत्राची रुंदी उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम अशी दोनदा मोजावी. समजा, ती ८ व ६ मीटर भरली. सरासरी ७, म्हणून त्रिज्या साडेतीन मीटर, आणि छायेचे क्षेत्र सुमारे ३८.५ चौरस मीटर. २०० मीटर लांब व १० मीटर रुंद रस्त्याचे क्षेत्र २,००० चौरस मीटर होते. तेथे अशी दहा झाडे असून त्यांची छाया एकमेकींवर पडत नसेल, तर केवळ १९ टक्के रस्ता झाकला जातो. वस्तीत ३० टक्के पर्णछत्र असावे, असा नियम सेसिल कोनाइनेंडाइक या तज्ज्ञाने २०२१ साली सुचविला. तो या रस्त्यास लावला तर आणखी सहा झाडे हवीत. ‘पुष्कळ झाडे लावा’ या उपदेशापेक्षा ‘या रस्त्यावर सहा लावा’ हे सांगणे अधिक उपयोगाचे नव्हे काय?

कायद्यासही हीच दृष्टी अभिप्रेत आहे. महाराष्ट्रातील नागरी झाडांच्या संरक्षणाचा १९७५ सालचा अधिनियम वृक्षगणना दर पाच वर्षांनी करावयास सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस पुरातन वृक्षाचा दर्जा दिला. पुणे महानगरपालिकेने लक्षावधी झाडे त्यांच्या स्थानासह नोंदविली आहेत. लहान नगरपरिषदांस एवढा खर्च झेपणे कठीण; तेथे शाळांनी एकेक प्रभाग वाटून घेतल्यास मोठे साह्य होईल. नकाशावर विजेच्या तारा व गटारेही दाखवावीत. कारण तारांखाली वड-पिंपळ लावणे म्हणजे पुढे त्यांच्यावर कुऱ्हाड चालविण्याची आजच तरतूद करणे होय.

विद्यार्थिमित्रहो, नकाशा झाडास पाणी घालीत नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे रोप जगविणे हे मनुष्याचेच काम. पवित्र शास्त्र सांगते की आदिमानवास बाग मिळाली ती नुसती उपभोगासाठी नव्हे, तर राखण्यासाठी. आपल्या वाट्यास आलेली बाग आज रस्त्यांत व वस्त्यांत विखुरली आहे. ज्या गल्लीत सावली सर्वांत थोडी, तिचे नाव आपल्या वहीत सर्वांत वर असावे.