जलसंजीवनीच्या पुडीतले क्षार

सौंदड आणि आसपासच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांतच जुलाब-उलटीचे रुग्ण वाढतात. जुलाबात जीव धोक्यात येतो तो शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आशाताई देतात ती जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी हीच तूट भरून काढते. त्या पुडीत काय असते आणि ती मोजूनच का कालवायची, ते या पाठात पाहू.

क्षार आणि त्यातील पाणी

आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी तयार होते. जेवणातील मीठ, तुरटी, धुण्याचा सोडा, मोरचूद हे सारे क्षारच.

काही क्षारांच्या खड्यात पाणी बांधलेले असते, तरी खडा हाताला कोरडा लागतो. या पाण्याला स्फटिकजल म्हणतात. तुरटीचा खडा तव्यावर तापवला की आधी वितळतो, मग फुलून त्याची हलकी पांढरी लाही होते. तुरटीच्या वजनात सुमारे ४५ टक्के पाणीच असते, ते उडून जाते. निळा मोरचूद तापवला की असाच पांढरा पडतो आणि पाण्याचा थेंब पडताच पुन्हा निळा होतो. (मोरचूद विषारी आहे. हा प्रयोग शाळेतच पाहावा.) स्फटिकजल निघून गेलेल्या क्षाराला निर्जल क्षार म्हणतात.

मिठाच्या खड्यात स्फटिकजल नसते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, ते बाहेरच्या दमट हवेतले असते.

पुडीत काय असते?

एक लिटरच्या पुडीत एकूण २०.५ ग्रॅम पूड असते:

- सोडियम क्लोराइड (मीठ) – २.६ ग्रॅम
- पोटॅशियम क्लोराइड – १.५ ग्रॅम
- ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट – २.९ ग्रॅम
- निर्जल ग्लुकोज – १३.५ ग्रॅम

पहिले तीन क्षार आहेत. ग्लुकोज ही साखर आहे. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरते आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे पाणी लवकर अंगी लागते.

‘डायहायड्रेट’ म्हणजे सायट्रेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू. हे पाणी वजनात धरलेले असते. १३.५ ग्रॅम निर्जल ग्लुकोजऐवजी पाणी धरलेले ग्लुकोज वापरायचे, तर सुमारे १४.८५ ग्रॅम लागेल. मोजमाप इतके काटेकोर आहे.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. सलाईन कमी पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचे पाणी नातेवाइकांच्या हातून पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. पुढे सोड्याऐवजी सायट्रेट आले, कारण दमट हवेत ते जास्त टिकते.

कशी कालवावी?

- पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी टाका. लहान पुड्या २०० मिलिलिटरच्याही असतात.
- पाणी उकळून गार केलेले घ्या. कालवल्यावर उकळू नका. वरून साखर-मीठ घालू नका.
- पाणी कमी पडले तर द्रावण तीव्र होऊन जुलाब वाढतात. जास्त झाले तर क्षार कमी पडतात.
- २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या.
- गठ्ठा झालेली किंवा तपकिरी पडलेली पुडी वापरू नका.
- पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.

दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्या. अंगावरचे दूध बंद करू नका.

सिकलसेल असलेल्या घरांनी

विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. अंगातले पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अशा रुग्णाला पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कोणताही रुग्ण सुस्त पडला, डोळे खोल गेले, पिणे बंद झाले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नका. वाटेतही घोट-घोट पाजत दवाखाना गाठा. घरात दोन पुड्या कोरड्या डब्यात नेहमी ठेवा.