परक्याच्या हुकमावर चालणारा मुनीम

चौलमध्ये सुपारीचा व्यापार असो वा पर्यटकांना खोल्या देण्याचा धंदा, वेबसाइट बहुधा दुसऱ्याकडून करून घेतलेली असते. ती वर्डप्रेसवर असेल तर चित्रे सरकवणे, फॉर्म भरून घेणे अशा कामांसाठी प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लावलेले असतात. धोका तेथे आहे.

काही सदोष प्लगइन कोणती फाइल उघडायची ते समोरच्याने पाठविलेल्या नावावरून ठरवतात व नाव तपासत नाहीत. गिऱ्हाइकाने नमुना मागण्याऐवजी तिजोरीतली वही मागावी आणि मुनीमाने ती निमूट आणून द्यावी, तसे हे! नावाआधी दोन टिंबे व तिरकी रेघ लिहिली की प्रोग्राम एक कप्पा मागे जातो आणि पासवर्डची फाइल बाहेर येते. काही प्रकारांत परक्याची फाइल आत घेऊन चालविलीही जाते.

'स्लायडर रिव्होल्यूशन' या प्लगइनमध्ये असाच दोष होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये दुरुस्त आवृत्ती आली; परंतु विकत घेतलेल्या थीमबरोबर तो आयताच आल्याने अनेक मालकांना तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हते. डिसेंबरात गूगलने अकरा हजारांवर वेबसाइट धोकादायक ठरविल्या.

तेव्हा वेबसाइट करणाऱ्यास स्पष्ट विचारावे : थीमबरोबर कोणते प्लगइन आले? आवृत्ती कोणती? नको असलेला प्लगइन नुसता बंद करू नये, काढून टाकावा. बंद केला तरी त्याच्या फाइली सर्व्हरवर राहतात. आणि चोरी झाल्याचा संशय असेल, तर दुरुस्तीबरोबर डेटाबेसचा पासवर्डही बदलून घ्यावा.