वाटणीतील विधवा
(पाठ : प्रेषितांची कृत्ये ६ : १–७)

यरुशलेमेतील मंडळीत अन्नाची वाटणी रोज होत असे. परंतु हेल्लेणी विधवांची उपेक्षा होई. प्रेषितांनी ती कुरकुर दाबली नाही. सात जण नेमविले.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद व सोयाबीन पिकून बाजारी जाते, आणि पुष्कळ घरांस पोटाचे धान्य रेशन दुकानातून आणावे लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य ठरविले आहे. परंतु मजुरीने झिजलेला अंगठा यंत्र ओळखीत नाही, तेव्हा वृद्ध विधवा रिकाम्या पिशवीने परतते.

सेवकहो, केवळ प्रार्थनेवर थांबू नका. मंडळीतून दोघे विश्वासू जण नेमा. त्यांनी तिजबरोबर दुकानी व तहसील कचेरीत जावे. हीही प्रभूचीच सेवा होय.