डोळ्यांतील शेजारधर्म

दिवेलागणीची वेळ होते. अंगणात अंधार दाटू लागतो. तरीही दारातील तुळशीवृंदावन आणि वाटेने येणारी आई आपणांस ओळखू येते. फुलांचे रंग मात्र दिसेनासे होतात. असे का व्हावे?

याचे उत्तर डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिपटल नावाच्या पातळ पडद्यात आहे. या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. दंडपेशी सुमारे 12 कोटी असून त्या अंधुक उजेडात पाहतात. परंतु त्यांना रंग कळत नाहीत. शंकुपेशी सुमारे 60 लाख असतात. रंग पाहणे, अक्षरे वाचणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही दिवसाउजेडी होणारी कामे त्यांची.

काही कुटुंबांत एक आनुवंशिक नेत्रविकार आढळतो. त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात. अ जीवनसत्त्वाच्या अभावी आलेला रातांधळेपणा वेळीच उपचार केल्यास बरा होतो. हा विकार तसा नव्हे. यात प्रथम दंडपेशी मरू लागतात. रोगी रात्री ठेचकाळतो. पुढे कडेचे दिसेनासे होते आणि नळीतून पाहावे तसे जग आक्रसते. शेवटी शंकुपेशीही मरतात आणि दिवसाचा उजेडही हरपतो.

येथे शास्त्रज्ञांना एक कोडे पडले. अनेक रोग्यांत दोष केवळ दंडपेशींत असतो. मग निर्दोष शंकुपेशींनी का मरावे?

फ्रान्समधील जोसे-आलँ साहेल व त्यांचे सहकारी यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. त्यांनी उंदराचे रोगट दृष्टिपटल व निरोगी दृष्टिपटल एकाच पात्रात, परंतु एकमेकांस न लागेल असे ठेवले. रोगट पटलातील शंकुपेशी अधिक तगल्या! म्हणजे निरोगी पटलातून काहीतरी पाझरून त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. हा प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2004 साली थिएरी लेव्हेयार आणि साहेल यांनी तो पदार्थ शोधून काढला. दंडपेशी बाहेर सोडतात असे ते एक प्रथिन होते.

हे प्रथिन निरोप्याचे काम करते. ते शंकुपेशीच्या पृष्ठभागावरील दुसऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. त्यामुळे शंकुपेशीत ग्लुकोज ही साखर अधिक प्रमाणात शिरते. प्रकाशग्राही पेशीची झीज मोठी असते. तिच्या टोकाचा सुमारे दहावा भाग रोज गळतो व तितकाच नवा बांधावा लागतो. त्यासाठी साखर हवीच. निरोप्या थांबला की शंकुपेशीची उपासमार सुरू होते. ही गोष्ट 2015 साली उघड झाली.

दंडपेशी गेल्या, तरी त्यांचा निरोप शंकुपेशींना पोहोचवता येईल काय? तसे झाले तर रात्रीची दृष्टी परत येणार नाही. परंतु पुस्तक वाचण्याची व आप्तांचे चेहरे पाहण्याची शक्ती टिकू शकेल. या आशेने माणसांवरील उपचारांच्या चाचण्यांना 2023 साली आरंभ झाला.

शेजारी सुखी तर आपण सुखी, असे वडीलधारी माणसे सांगतात. डोळ्यातील इवल्याशा पेशींनाही तोच नियम लागू आहे.

स्वाध्याय

1. संध्याकाळी वस्तू दिसतात, पण रंग का दिसत नाहीत?
2. दोन्ही दृष्टिपटले एकमेकांस न लागेल अशी का ठेवली असतील?
3. ‘निरोप्या’ हा शब्द पाठात कोणासाठी व का वापरला आहे?