गोबरगॅसचा धंदा: गॅस विकायच्या आधी गिऱ्हाईक शोधा!

मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : "सर, गोठा आहे, शेण आहे. कर्ज काढून मोठा प्लांट टाकू का?" थांबा. आधी वही-पेन घ्या.

पायरी १ : आपला माल मोजा

समजा, करवीर तालुक्यात तुमच्या सहा म्हशी आहेत. एका म्हशीचं रोजचं शेण साधारण १५ किलो, म्हणजे एकूण ९० किलो. एक किलो ताज्या शेणातून अंदाजे ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे रोज साडेतीन घनमीटरच्या आसपास. एक घनमीटर गोबरगॅस सुमारे ०.४३ किलो एलपीजीचं काम करतो. महिन्याचा हिशेब झाला तीन घरगुती सिलिंडरएवढा. थंडीत गॅस कमी पडतो, तेही धरा.

घरात एक सिलिंडर लागतो. उरलेल्या दोनांचं काय? धंद्याचा खरा प्रश्न हा आहे.

पायरी २ : गॅसचं गिऱ्हाईक गोठ्याजवळच

हा गॅस घरगुती सिलिंडरमध्ये भरून विकता येत नाही. त्यात मिथेन ५५ ते ६० टक्केच असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शिवाय हायड्रोजन सल्फाइडनं इंजिन गंजतं. शुद्ध करून, दाबानं भरायची यंत्रणा सहा म्हशींना परवडत नाही. २०१८ च्या 'सतत' योजनेत तेल कंपन्या असा शुद्ध गॅस विकत घेतात, पण ते काम मोठ्या प्लांटचं. आपल्याकडे साखर कारखान्याच्या प्रेसमडवर ते शोभतं.

मग तुम्ही काय कराल? खवा, पनीर करा. दुधाचे कॅन धुवायला पाणी तापवा. शेजारच्या घराला पाइप द्या. गुऱ्हाळाच्या मागे लागू नका. तिथं चिपाड जळण म्हणून घरचंच असतं, तो तुमचा गॅस कशाला घेईल?

पायरी ३ : खरा पैसा स्लरीत

९० किलो शेणात तेवढंच पाणी, म्हणजे रोज सुमारे १८० लिटर स्लरी! पहिलं गिऱ्हाईक तुमचाच ऊस. रासायनिक खताचा जेवढा खर्च वाचला, तेवढी ती कमाईच. दुसरं गिऱ्हाईक गावातला भाजीवाला शेतकरी. पण ओली स्लरी म्हणजे बहुतेक पाणीच. लांब नेली की नफा डिझेलमध्ये जातो. पोत्यात भरून खत म्हणून विकायचं, तर खत नियंत्रण आदेश १९८५ चे नियम बघा.

गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं हेच केलं. घरोघरी प्लांट, चुलीला गॅस, आणि जादा स्लरी बायकांच्या संस्थेमार्फत विक्रीला. आपल्याकडे 'गोकुळ'नंही मंडळाच्या मदतीनं दूध उत्पादकांच्या दारात बायोगॅस नेला. दूध जसं एकत्र गोळा होतं, तशी स्लरीही होऊ शकते. एकट्यानं बाजार उभा राहत नाही.

आजचा गृहपाठ

१. सात दिवस शेण वजन करून लिहा.
२. गॅस कुठं वापरणार, ते तासांसकट लिहा.
३. स्लरी घेणारे पाच शेतकरी गाठा आणि भाव ठरवा.

पाच नावं लिहून झाली, तरच बँकेत जा. नाही झाली, तर घरापुरता प्लांट बसवा. त्यातही तोटा नाही. बुडतो तो गिऱ्हाईक न शोधता कर्ज काढणारा.

वहीतला हिशेब कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलाच एक सोडवू!