आधी पावतीपुस्तक, मग आवाहन

रोहणा, आर्वी, पुलगाव या पट्ट्यातला बी.कॉम. किंवा समाजकार्याची पदवी घेतलेला मुलगा सामाजिक संस्थेत निधी उभारणीच्या कामाला लागतो, तेव्हा अनेकदा त्याच्या हाती फोननंबरांची यादी आणि महिन्याचं टार्गेट पडतं. माझं म्हणणं असं, की सुरुवात तिथून करू नये. देणगीदारांची नोंद, पावत्या, प्रकल्पाचा अहवाल, खर्चाचा हिशेब ही पडद्यामागची कामं आधी शिकावीत, मागायला नंतर जावं. यादीवरचा माणूस एकदा दया येऊन पैसे देतो. दुसऱ्यांदा देतो तो पहिल्या पैशांचं काय झालं ते कळलं म्हणून.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हिशेबाचं हे काम नवं नाही. १९३३ च्या नोव्हेंबरात अस्पृश्यता निवारणासाठीचा गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्यातूनच निघाला आणि त्यात सुमारे आठ लाख रुपये जमले. दौऱ्याची आठवण सगळे काढतात. हिशेब ठेवणाऱ्यांची कोणी काढत नाही. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस होते. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्याच्या रोजच्या खर्चाला त्यांनी तीन आण्यांची मर्यादा घातली आणि गांधीजींसोबतच्या मंडळींचा खर्चही निधीतून द्यायला नकार दिला. असा माणूस कार्यालयात बसलेला असला, की बाहेर मागणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं.

आता तर कायद्यानेच हे हिशेबाचं काम वाढवलं आहे. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराच्या ८०जी कलमाची सवलत असलेल्या संस्थेला प्रत्येक देणगीदाराची माहिती ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडीमध्ये भरून त्याला प्रमाणपत्र द्यावं लागू लागलं, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. पॅनमधलं एक अक्षर चुकलं की देणगीदाराची करसवलत अडकते आणि तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, हे घेतानाच सांगायला हवं. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी हवा तर २०२१ पासून संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. परदेशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. हे नीट जाणणारा मुलगा लहान संस्थेला सोन्यासारखा वाटतो, कारण तिथे बहुधा एकटे सचिवच सगळं ओढत असतात.

यावर कोणी म्हणेल, ही तर कारकुनी झाली, यात पुढे जाता येत नाही. मला उलट वाटतं. कोणता देणगीदार का थांबला, कोणत्या प्रकल्पावर पैसा शिल्लक राहिला, हे नोंदी ठेवणाऱ्यालाच आधी दिसतं; पुढे प्रस्ताव लिहायला बसवतात तेही त्यालाच. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. घरात कापसाचं पीक बुडालेलं असताना जमवलेल्या रकमेवर टक्केवारी देणारी नोकरी कशी नाकारायची? नाइलाज असेल तर ती करावी, पण तिला करिअर समजू नये. टक्केवारीवर जगणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या देणगीदाराची काळजी करणं परवडत नाही; खोटी निकड दाखवण्याचा मोह त्यालाच सर्वांत जास्त होतो. शिवाय देणगीदाराला टक्केवारी कळली, की आपल्या शंभरातले किती खरोखर कामावर गेले, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तच आहे. इंग्रजी येत नाही ही भीती मात्र मी फार मोठी मानत नाही. गावातल्या कामाचा खरा तपशील मराठीत नेमका लिहिता आला, तर त्याचं इंग्रजी करून देणारा मिळतो. तपशीलच नसेल तर चांगलं इंग्रजीही उपयोगाचं नाही.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा. पगार ठरलेला आहे की टक्केवारीवर? धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक कोणता? मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल बघायला मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर त्या संस्थेसाठी कोणाकडेही पैसे मागू नका.